सशासाठी निवडलेला पाला

गाजरं घेताना मी भाजीवालीला म्हणालो, "पाला तेवढा काढून टाका हो, उगाच पिशवीत दाटी नको."

तिनं जुडीचा पाला मुरगळून तोडला आणि मागं बांधलेल्या शेळीपुढं टाकला. मी लाल, टवटवीत, धुतलेली गाजरं घेऊन चिंचवडच्या बाजारातून मोठ्या ऐटीत घरी आलो. घरात आदल्या दिवशीच आलेलं सशाचं पिल्लू होतं, जेमतेम माझ्या ओंजळीएवढं. मी एक अख्खं गाजर त्याच्यापुढं ठेवलं. पिल्लानं ते हुंगलं, त्याला एक प्रदक्षिणा घातली, आणि त्याच्या आडोशाला जाऊन झोपलं.

माझं सशांविषयीचं सगळं ज्ञान शाळेतल्या क्रमिक पुस्तकातल्या एका चित्रावर उभं होतं. त्या चित्रात ससा दोन पायांवर उभा राहून गाजर खात होता. तेव्हा मी हार न मानता गाजराचे बारीक काप केले आणि एकेक करून त्याला भरवले. दुसऱ्या दिवशी पिल्लाचं पोट बिघडलं. खोकं, खोक्यातलं पोतं आणि माझा एक पंचा कामातून गेला.

"आणि पाला कुठंय?" बायकोनं पंचा चिमटीत धरून विचारलं. "कोवळा पाला असेल ना जुडीला?"

"तो तिथंच टाकला. शेळीनं खाल्ला."

"शेळी मजेत असेल," ती म्हणाली.

आम्ही तेव्हा नुकतेच चिंचवडात राहायला आलो होतो. पिंपरीला माळावर कारखाना उभा राहिला होता आणि त्याच्या स्टोअरमध्ये मला कारकुनी मिळाली होती. मी मूळचा कोकणातला, देवगडच्या बाजूचा. बायकोचं माहेर इथून जवळच, खेडकडचं, म्हणून ती या बाजूला आल्यावर खुलली होती. मी मात्र हिरवळ शोधत फिरत होतो. नदीकाठचे चार मळे सोडले तर सगळा मुरूम आणि खडक. सकाळी फिरायला म्हणून पवनेच्या काठी जायचो आणि तिथंच एका मळेकऱ्याशी माझी ओळख झाली. हा भाजीपाला करायचा, आणि देहूरोडच्या छावणीतल्या मेसला तो घालायचा. छावणीतल्या कुठल्याशा आचाऱ्यानं त्याला पांढऱ्या सशांची एक जोडी दिली होती. कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ती असायची.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. एका रविवारी तिला बरोबर नेलं, तर ती खुराड्यापुढून हलेना. मळेकऱ्यानं एक पिल्लू उचललं, टोपलीत घातलं आणि टोपली माझ्या हातात दिली.

"न्या साहेब. पोरीला खेळाया व्हईल. चांगला वाढवा."

"अहो, असं कसं," मी म्हणालो. मी साहेब नव्हतो. पण इतकी गोड हाक कोण दुरुस्त करत बसतो?

"न्या वो. बाकी आपलं रीतीपरमानं."

"हो, हो," मी म्हणालो. "रीतीप्रमाणे! रीत सोडून कसं चालेल?"

रीत मला ठाऊक होती. कुणाचं भांडं, कुणाची टोपली आपल्या घरी आली तर ती रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "टोपलीत चार लाडू घालून दे. माणूस रीतभात पाळणारा आहे."

तिनं कणीक मळता मळता वर पाहिलं. "काय ठरलं त्यांच्याशी?"

"ठरायचं काय त्यात? पिल्लू भेट दिलंय पोरीला."

"तेच म्हणाले का, भेट म्हणून?"

"मला कळतं गं," मी म्हणालो.

तिनं पुढं काही विचारलं नाही. रव्याचे चार लाडू टोपलीत घालून दिले. मी ते पोचवून आलो. मळेकऱ्यानं टोपलीवरचं फडकं उचलून पाहिलं, त्याचा चेहरा फुलला, तिथंच एक लाडू फोडून त्यानं अर्धा मला दिला आणि अर्धा स्वतः तोंडात टाकला. मला भरून आलं. या खडकाळ मुलखात आपल्याला एक मित्र मिळाला, असं मी त्या दिवशी जेवताना तीनदा तरी म्हणालो असेन.

गाजरांचा पराक्रम त्याला सांगितला तेव्हा तो बांधावर बसून हसला. मग म्हणाला, "साहेब, उद्यापासनं माझ्यासंगं या. मी दावतो."

आणि तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. रोज सकाळी कारखान्याच्या भोंग्याच्या आधी तासभर मी मळ्यात. तो मोट हाकता हाकता शिकवायचा आणि मी पाटाच्या कडेनं उकिडवा बसून शिकायचो. लहान पिल्लाला मूळचा आहार म्हणजे वाळलं गवत आणि हरळी. ओला पाला तोंडी लावण्यापुरता, आणि तोही एका वेळी एकाच जातीचा, म्हणजे पोट बिघडलं तर कशानं ते कळतं. लसूणघास द्यायचा तर फुलावर आलेला नको, त्याच्या आधीचा कोवळा. दव पडलेला पाला तसाच घालायचा नाही. सावलीत पसरायचा, पाणी सुकू द्यायचं, जरा मलूल झाला की मगच. पण ढिगात राहून गरम झालेला तर अजिबात नको. "हात घाला ढिगात. ऊब लागली तर टाकून द्या," तो सांगायचा. कांद्याची पात नको, बटाट्याचा पाला नको. कोथिंबीर चालेल, गाजराचा पाला चालेल, मुळ्याचा थोडा. आणि कोबी?

"कोबी न्हाई म्हंजे न्हाई," तो म्हणाला. "पोट फुगून मरंल ह्ये पिल्लू."

मी हे सगळं कारखान्यातल्या एका जुन्या फॉर्मच्या मागे लिहून काढलं आणि खोक्यावर चिकटवलं. माझं कामच मुळी आलेला माल पारखून घेण्याचं. नट असो की पत्र्याचा डबा, बरोबरचा कागद पुरा वाचल्याशिवाय मी काहीही आत घेत नसे. त्याबद्दल आमच्याकडे माझं थोडंफार नावही होतं. तीच पारख मी आता पाल्याला लावली. मेथीची जुडी उलगडून एकेक काडी उजेडात धरून पाहायचो. पिवळं पान बाजूला, किडकं बाजूला, चिखलाचं बाजूला. उत्तम ते सशाला. उरलेलं घराला.

"आज देठांची भाजी आहे," बायको पानात वाढताना म्हणायची. "काल देठांचं थालीपीठ होतं. या घरात माणसंही राहतात, हे त्या कागदावर कुठंतरी लिहून ठेवा."

स्टोअरमध्येही बातमी गेली. माझ्या डब्यात मुळ्याच्या पाल्याची भाजी निघाली की शेजारच्या टेबलावरचा हमखास म्हणायचा, "काय भाऊ, डबे बदलले वाटतं आज? तिकडं ससा पोळी खात बसला असेल." मी हसायचो. मला राग यायचा नाही. चार कोवळी पानं मिटक्या मारत खाणारं ते पिल्लू, त्याच्या ओठांची ती भराभर हालचाल, आणि त्याच्यापुढं पालथी पडून पाहणारी माझी मुलगी, एवढं रोज संध्याकाळी पाहायला मिळत असेल तर देठांची भाजी काही वाईट नाही.

मुलीनं त्याला नाव ठेवलं होतं. ते माझ्या एका आत्याचं नाव होतं आणि आत्या तेव्हा हयात होती, म्हणून इथं देत नाही. पुढं तो नर निघाला. पण नाव तेच राहिलं. आत्याला कुणी कळवलं नाही.

थंडी सरली. ससा वाढला. आता तो ओंजळीत मावत नव्हता, मांडीवर घेतला तर दोन्ही बाजूंनी ओघळायचा. मळेकरी अधूनमधून घरावरून जाताना डोकावायचा, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "व्वा साहेब! हात चांगला हाय तुमचा." मी फुलून जायचो. मुलगी एकदा त्याला म्हणाली, "आमचा ससा आहे, मामा." तो हसला आणि म्हणाला, "व्हय की." तिनं मला विचारलं, "बाबा, हा कायमचा आपला ना?" मी म्हणालो, "अर्थात. कायमचा."

होळीच्या दिवशी सकाळी घरात पुरण शिजत होतं. मी ओट्यावर बसून घास निवडत होतो. मळेकरी आला. बरोबर निघोजे गावचा त्याचा मेहुणा होता. त्याच्या हातात टोपली. तीच टोपली, आत पोतं अंथरलेली.

"या, या," मी म्हणालो. "अगं, पाहुणे आलेत!"

मळेकऱ्यानं ससा उचलला, पाठीवरून नेहमीसारखा अंगठा फिरवला आणि मेहुण्याच्या हातात दिला. मेहुण्यानं तो कानामागच्या कातडीला धरून वर केला, वजन अजमावलं आणि माझ्याशी न बोलता म्हणाला, "दीड शेर तरी निघंल."

मला वाटलं, तो वाढीचं कौतुक करतोय. "सगळा कोवळा पाला," मी सांगितलं. "एकही पान पिवळं नाही."

"म्हनून तर," मळेकरी खूश होऊन म्हणाला. "उद्या धुळवड. पाव्हनं आल्यात घरी. निम्मा वाटा दुपारच्याला तुमच्याकडं पाठवून देतो, साहेब. रीतीपरमानं."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. त्यामुळं ते वाक्य माझ्या कानातून आत शिरायला बराच वेळ लागला. शिरल्यावर मी उठून उभा राहिलो. मांडीवरचा घास सगळा ओट्यावर सांडला.

"वाटा? कसला वाटा? अहो, तुम्ही हा पोरीला दिलात!"

"दिला की. अर्धलीनं."

अर्धल. तोवर मी तो शब्द शेतजमिनीच्या बाबतीत कधीतरी ऐकला असेल. या बाजूला जनावरंही अर्धलीनं देतात, हे मला त्या दिवशी कळलं. जनावर एकाचं, चारापाणी दुसऱ्याचं. मोठं झालं की दोघांत निम्मं निम्मं. शेळी, गाय, कोंबडी, सगळ्याला तीच रीत. ती इतकी जुनी आणि इतकी सगळ्यांना माहीत असलेली, की 'रीतीपरमानं' एवढं म्हटलं की पुरे.

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हणालो. माझा आवाज चिरकला. "चार महिने रोज सकाळी मला शिकवलंत. हे घाला, ते घालू नका. मला वाटलं, मैत्रीखातर. तुम्ही त्याला पोसून घेत होतात माझ्याकडून!"

त्याचा चेहरा पडला. तो खोटं वागलेल्या माणसाचा चेहरा नव्हता, हे मला आज कळतं. त्या वेळी कळून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

"मी फशिवलं?" तो म्हणाला. "बोली झाली व्हती, साहेब. रीतीपरमानं म्हनालो, तुमी व्हय म्हनला. परत टोपलीत लाडू घालून आनले. बोली पक्की झाली की तोंड गोड करायचं, ही आमची रीत. मी म्हनलं, मानूस बोलीचा पक्का हाय. आपन दोघांनी एक लाडू फोडून खाल्ला, न्हाई का? आन वाटा न्हाई घ्यायचा तर येवढा पाला कशापायी घातला?"

चार महिने मी ज्या लाडवाची आठवण मैत्रीची खूण म्हणून जपली होती, तो लाडू म्हणजे माझी सही होती. माल आत घेताना कागद वाचणारा मी, या मालाचा कागद न वाचता खाली सही करून, वर चार लाडू देऊन बसलो होतो.

दारात मुलगी उभी होती. तिला सगळं समजलं नव्हतं, पण ससा परक्याच्या हातात लोंबत होता एवढं दिसत होतं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना, कायमचा?"

मी मळेकऱ्याकडं बोट दाखवलं. हो, दाखवलं. बापानं त्या क्षणी करायला नको ते मी केलं.

तेवढ्यात बायको पुरणाचा हात पदराला पुसत बाहेर आली. ती मळेकऱ्याशी बोलायला लागली, आणि तिच्या तोंडून जी भाषा आली ती मी लग्नानंतर फक्त तिच्या माहेरच्या अंगणात ऐकली होती.

"दादा, आमच्या बापाची एक गाय कायम कुनाच्या तरी दावनीला असायची, अर्धलीनं. ही रीत मला ठावं हाय. पर चारा ज्यानं घातला त्यानं आपला वाटा आधी निवडायचा, आसंच हाय न्हवं?"

"व्हय," मळेकरी म्हणाला. "तुमचा पयला मान. कुठला बी निम्मा घ्या."

"मंग आमचा निम्मा आमाला जिता पायजे."

मेहुण्याचे तंबाखू चघळणारे गाल थांबले. मळेकरी सशाकडं पाहत राहिला. निम्मा ससा जिवंत ठेवून उरलेला निम्मा कसा कापायचा, हा हिशेब त्यानं मनातल्या मनात दोनतीनदा तरी करून पाहिला असावा. मग तो एकदम हसला, पण ते हसू नेहमीचं नव्हतं.

"लई पक्क्या वो तुमी, वहिनी," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या जिता. माझा म्हातारा नर थंडीत गेला. ह्यो मादीपाशी ऱ्हाईल. पर ऱ्हानार माझ्याकडं. तुमचा निम्मा जिता, माझा निम्मा माझ्या खुराड्यात."

"सुरीला लावायचा न्हाई."

"न्हाई लावत. सबूद दिला." मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, "पयल्या वेताचं एक पिल्लू धाडीन पोरीला. रीती..."

"नको," मी घाईनं म्हणालो. त्या शब्दाची मला धास्ती बसली होती.

ते ससा घेऊन गेले. मुलगी खोक्यापाशी जाऊन बसली. मी चिकटवलेला कागद तिनं नखानं हळूहळू खरवडून काढला. पुरणपोळी तिनं खाल्ली नाही, आणि मी खाल्ली याची मला अजून लाज वाटते.

ते गेले तेव्हाच मी बायकोकडं वळलो होतो. "तुला ही रीत माहीत होती?"

ती चुलीपुढं बसली होती. "पुरण करपतंय," एवढंच म्हणाली.

म्हणजे तीसुद्धा! मळेकऱ्याचं सोडा, तो परका. पण जिनं मला चार महिने देठांची भाजी वाढली, तिला ठाऊक होतं की मी दुसऱ्याच्या धुळवडीची तयारी करतोय. मी त्या आठवड्यात तिच्याशी फक्त कामापुरतं बोललो. तीही कामापुरतंच बोलली. फरक एवढाच की तिला काम जास्त असल्यामुळं तिचं बोलणं जास्त झालं.

पुढच्या रविवारी मला राहवेना. मळेकऱ्याशी भांडण होतं, सशाशी नव्हतं. मी बाजारातून घासाची जुडी आणली, निवडली, सावलीत पसरली, जरा मलूल झाल्यावर फडक्यात गुंडाळली आणि मळ्यात गेलो. खुराड्यापुढं मळेकरी बसला होता. त्यानं मला पाहिलं, पण 'या साहेब' म्हटलं नाही.

ससा आत होता. त्याच्यापुढं कोबीची बाहेरची जाड पानं होती, पाटातून नुकतीच काढलेली, पाणी ठिबकत असलेली. आणि तो ती खात होता. मिटक्या मारत. ओठांची तीच भराभर हालचाल.

"कोबी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता मोठा झालाय," मळेकरी म्हणाला. "थोडा चालतो."

मी घास जाळीतून आत सरकवला. सशानं मान वळवली, हुंगलं, आणि परत कोबीकडं गेला. चार महिने एकेक पान उजेडात धरून पाहिलेल्या माणसाचा वास त्याला आला असेल की नाही, कोण जाणे. आला असावा असं मला वाटतं, आणि तेच जास्त लागतं. मी तसाच परत फिरलो.

घरी आलो तर बायको मेथी निवडत होती. मुलगी तिच्या शेजारी बसून काड्या मोडत होती. मी चप्पल काढायच्या आत सुरू केलं. सशानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ओला कोबी खात होता. मळेकऱ्यानं फसवलं, सशानं फसवलं, आणि घरातल्या माणसानंही सगळं माहीत असून पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही.

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मुलीला पाणी आणायला आत पाठवलं. मग म्हणाली, "सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी टोपली परत करून आला असतात. पोरीला चार महिने मिळाले. तेवढे मी घेतले." तिनं निवडलेली मेथी सुपात ओढली आणि माझ्या पायांकडं पाहिलं. "आता पाय धुवून या. आज पानांची भाजी आहे."